दूध कुकरची शिटी

दूध उतू जाताना कधी नीट बघितलंय? आधी पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुड्यांची ओळ धरते. मग साय थरथरते, मधोमध जराशी फुगते आणि बघता बघता सगळं दूध काठावर येतं. हे सगळं घडत होतं तेव्हा माझा धाकटा भाऊ ओट्यापाशीच उभा होता. हातात सांडशी, नजर पातेल्यावर. दूध शेगडी विझवून ओट्यावर पसरलं तेव्हा कुठे तो दचकला. "अगं ताई, मी बघतच होतो!" तो अगदी खरं बोलत होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

याच भावाला मी बंद पडलेलं किल्लीचं घड्याळ घेऊन बसलेलंही पाहिलंय. जुन्या वर्तमानपत्रावर दातेरी चाकं ओळीनं मांडलेली, एका डोळ्याला भिंग, शेजारी गार झालेला चहा. सलग चार तास. जेवायला हाक मारली तरी त्याच्या कानापर्यंत पोचली नाही. आणि त्याच वेळी विजेचं बिल तीन महिने फ्रिजच्या दारावर लटकत होतं. पैसे होते, भरायचं मनात होतं, मोबाइलवरून भरायला पाच मिनिटं लागली असती. अडतिसाव्या वर्षी एका मनोविकारतज्ज्ञांनी त्याच्याशी, माझ्याशी आणि आईशी सविस्तर बोलून निदान केलं : एडीएचडी. लहानपणीचं काही आहे का, असं त्यांनी विचारल्यावर आईनं जपून ठेवलेली प्रगतिपुस्तकं नेली. तिसरीपासून सातवीपर्यंत शेरा एकच : 'हुशार आहे, पण लक्ष नसते.'

एडीएचडीतल्या 'एडी'चा अर्थ लक्षाची तूट. मला हे नाव कधीच पटलं नाही. चार तास घड्याळात बुडून जाणाऱ्या माणसाकडे लक्ष कमी कसं? इथे आपली भाषा फार नेमकी बोलते. मराठीत लक्ष 'देतात' आणि लक्ष 'लागतं'. देणारे आपण असतो, ते आपल्या हातात असतं. लागणं तसं नाही. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, तसं लक्ष लागतं. 'लक्ष दे' असं एखाद्याला दटावता येतं, 'भूक लाग' असं नाही. माझ्या भावाचं लक्ष लागायचं ते भल्याभल्यांना हेवा वाटावा असं. द्यायचं म्हटलं की मात्र हात रिकामा. आणि शाळेपासून कचेरीपर्यंत आपलं सगळं जग 'देण्यावर' उभं आहे.

हे देणं आणि लागणं मेंदूत कसं घडतं, ते वाचायला लागले आणि मी थक्क झाले. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण आपल्या ऊर्जेतली जवळपास २० टक्के तो एकटा खातो. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे आपण काहीही न करता नुसते पडून राहिलो तरी हा खर्च फारसा उतरत नाही. मग तेव्हा मेंदू करतो काय? अमेरिकेतल्या सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याचं एक उत्तर दिलं. मेंदूचे काही भाग असे आहेत की आपण कामाला जुंपून घेतलं की ते मंदावतात आणि काम सोडलं की पुन्हा गुणगुणायला लागतात. कालचं भांडण, उद्याची गाडी, वीस वर्षांपूर्वी कुणी केलेला अपमान, हे सगळं तिथलं. या जाळ्याला नाव पडलं 'डिफॉल्ट मोड नेटवर्क'. आपण त्याला मनाचं भटकं जाळं म्हणू. हे जाळं आणि कामाचं जाळं तराजूच्या पारड्यांसारखी वागतात. एक वर, तर दुसरं खाली.

२००७ मध्ये एडमंड सोनुगा-बार्क आणि फ्रान्सिस्को कॅस्टेलानोस या संशोधकांनी मांडलं की एडीएचडीत काम सुरू झालं तरी भटकं पारडं पुरतं खाली बसत नाही. मधेच उसळी मारतं आणि तेवढ्यापुरतं हातातलं काम पुसलं जातं. डोळे दुधावर असतात, बुडबुडे डोळ्यांत शिरतही असतात, पण ते ज्याला कळायचे तो तेवढ्यात दुसऱ्या गावाला जाऊन आलेला असतो. हे वाचलं त्या रात्री मी भावाला फोन केला आणि ओट्यावरच्या त्या दुधाबद्दल त्याची माफी मागितली.

औषधाची गोष्ट तर याहून विलक्षण. १९३७ साली ऱ्होड आयलंडमध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांचं एक रुग्णालय चालवत होते. तिथल्या एका तपासणीनंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. त्यावर उतारा पडेल म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन बघितलं. डोकेदुखीला त्याचा फारसा गुण आला नाही, पण ३० मुलांपैकी जवळपास निम्मी मुलं एकाएकी अभ्यासात रमली, शांत झाली. मुलांनीच त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणायला सुरुवात केली. तरतरी आणणारं औषध आणि चुळबुळं मूल त्यानं स्वस्थ होतं! पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात लिआंद्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्यांची बायको मार्गरीट, घरात रीटा, टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची. तिच्याच नावावरून त्याचं बाजारातलं नाव ठरलं : रिटालिन. एडीएचडीसाठी ते आजही देतात.

उत्तेजक औषधानं शांतता कशी येते? ढोबळ मानानं असं, की डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही मेंदूतली रसायनं 'हे महत्त्वाचं आहे, इथे थांब' अशी हाक देतात. एडीएचडीत रोजच्या निरस कामांसाठी ही हाक फार क्षीण असते. मग मेंदू ती वाढवायला स्वतःच काहीतरी शोधत फिरतो : पाय हलव, पेन आपट, खिडकीबाहेर बघ, नवं काम सुरू कर. औषधानं हाक पुरेशी मोठी झाली की फिरायची गरज उरत नाही. माझा भाऊ डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध घेतो. त्यात आम्हाला कुणालाही कमीपणा वाटत नाही आणि ते आपल्या मनानं सुरू किंवा बंद करायचं नसतं, हेही घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे.

हाकेचं हे तत्त्व एकदा कळलं की जुन्या कितीतरी गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात. आईनं आयुष्यभर त्याला रेडिओ बंद करून अभ्यासाला बसवलं. २००७ मध्ये स्वीडनमध्ये योरान सोडरलुंड यांच्या गटानं मुलांना पाठांतर देताना मागे एकसुरी खरखर लावली. एडीएचडी असलेल्या मुलांना त्यात जास्त आठवलं आणि बाकीच्यांना कमी! २०२४ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र धांडोळा घेतला गेला, त्यातही हेच निघालं. परिणाम लहान, पण दिशा तीच. एकाच घरातल्या दोन भावंडांना अभ्यासासाठी दोन वेगवेगळ्या प्रकारची शांतता लागते.

आता ध्यान. 'अशा माणसानं एकदा विपश्यनेला जाऊन यावं' हा सल्ला आम्हाला निदान डझनभर लोकांनी दिला. सत्यनारायण गोएंकांनी इगतपुरीला सुरू केलेलं धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा असतो. त्या साधनेबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ज्याचं मन एका मिनिटात सात ठिकाणी जातं त्याची पहिली पायरी दहा दिवसांचं मौन असू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत डॉ. लिडिया झिलोव्स्का यांनी मुद्दाम एडीएचडीसाठी आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम बेतला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवात फक्त ५ मिनिटांनी, पुढे वाढवत १५ पर्यंत. बसवत नसेल तर चालत करा. सुरुवात केलेल्या ३२ जणांपैकी २५ जणांनी तो पुरा केला. नेटानं काही पुरं करणं ज्यांना सगळ्यात अवघड जातं, त्यांनी!

आणि ध्यानात नेमकं काय घडतं, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात वेंडी हॅसनकॅम्प यांनी ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. मन भरकटलंय हे कळलं की एक बटण दाबायचं. २०१२ मध्ये त्यांनी दाखवलं की ध्यान म्हणजे चार ठाण्यांचा फेरा आहे. मन भटकलं, भटकल्याचं कळलं, परत आणलं, थोडा वेळ टिकलं. की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक ठाण्यावर मेंदूतलं वेगळं जाळं उजळतं आणि भटकंतीच्या ठाण्यावर तेच ते, रेकल यांचं. सराव असलेल्यांचंही मन भटकत होतंच. भाऊ रोज सकाळी गच्चीवर अनवाणी फेऱ्या मारतो आणि तळव्यांना फरशीचा गारवा कुठे लागतो तेवढंच बघतो. एकदा खाली आला तो चेहरा उजळलेला. "ताई, दहा मिनिटांत चाळीस वेळा गेलो. चाळीस वेळा आलो."

चाळीस वेळा आल्याचं त्याला कळलं, याचा मला किती आनंद झाला! शाळेत त्याचं फक्त जाणं मोजलं गेलं होतं.

पण स्वयंपाकघरात, कचेरीत, रस्त्यावर या परतण्यावर सगळा भार टाकून चालत नाही. तिथे आमच्या घरातलं सगळ्यात थोर यंत्र उपयोगी पडलं : दूध कुकर. याच्या भिंती दुहेरी असतात, मधल्या पोकळीत पाणी भरायचं, बाजूला शिटी. पाणी उकळलं की वाफ शिटीतून निघते. पाण्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि दूध उकळायला त्याहून किंचित जास्त तापमान लागतं, म्हणून ते आत तापत राहतं, उतू जात नाही. बघायचं काम त्यानं माणसाच्या डोक्यातून काढून भांड्याच्या भिंतीत घातलं आणि लक्ष द्यायची गरजच संपवली. शिटी झाली की लक्ष आपोआप लागतं. आमची आजी पदराला गाठ मारून ठेवायची, तेही हेच. आठवण डोक्यात ठेवण्यापेक्षा हाताला लागेल अशी ठेवायची.

मग आम्ही घरभर शिट्या शोधायला लागलो. किल्ली दाराच्या आतल्या कडीलाच अडकवायची, म्हणजे ती हातात घेतल्याशिवाय दार उघडणारच नाही. वेळेचं तर आणखी बिकट. भावाच्या लेखी वेळा दोनच : 'आत्ता' आणि 'आत्ता नाही'. मोबाइलवरचे आकडे आत्ताचे किती वाजले ते सांगतात. काट्यांचं घड्याळ अजून किती उरलं ते दाखवतं. म्हणून त्यानं दुरुस्त केलेलं ते किल्लीचं घड्याळ आता न्हाणीघराच्या दारासमोर आहे. रोज किल्ली द्यायचं काम त्याला आवडतं, ते तो विसरत नाही.

सवयींबद्दल लंडनमधल्या फिलिपा लॅली यांचा अभ्यास आम्हाला धीर देऊन गेला. त्यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी गोष्ट लावून घ्यायला सांगितली. ती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ आला, पण माणसामाणसात १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. आणि एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं! एक दिवस चुकला की सगळंच बुडालं, असं मानणाऱ्या माझ्या भावासाठी हे वाक्य आम्ही कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवलंय. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची युक्तीही अशीच साधी आहे. 'बिल भरायचंय' हा निश्चय हवेत राहतो. 'पोह्यांची बशी विसळून ठेवली की बिलं उघडायची' हा निश्चय बशीला बांधलेला असतो. एडीएचडी असलेल्या मुलांवर झालेल्या प्रयोगांतही असे जेव्हा-तेव्हाचे बेत उपयोगी पडलेले दिसले.

हे सगळं कसर भरून काढण्यापुरतंच आहे, असंही मला वाटत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एका खेळाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पडद्यावर झुडपं, आठ मिनिटांत जमतील तितकी फळं गोळा करायची. एकाच झुडपावर थांबलं तर फळं कमी कमी होत जातात; नवं गाठावं तर वाटेत वेळ जातो. ४५७ जण खेळले. एडीएचडीची लक्षणं जास्त सांगणारे लोक झुडूप लवकर सोडत होते आणि त्यांची टोपली जास्त भरत होती. करवंदांच्या जाळीत आमचा हा भाऊ एका जागी कधी ठरला नाही, पण घरी येताना सगळ्यात भरलेला डबा त्याचाच असायचा, ही आठवण आईला ते ऐकल्यावर झाली.

दर रविवारी दहा वाजता मी त्याला फोन लावते. आम्ही जवळजवळ बोलत नाही. मी इकडे मटार सोलते, तो तिकडे बिलं भरतो, फोन मधे उघडा. लहानपणी अंधारात परसात जायला लागायची तशीच ही सोबत. मागच्या रविवारी मधेच पलीकडे शिटी झाली.

"ताई, थांब हं. गॅस बंद करून आलो."

मी चार शेंगा सोलल्या, पाचवी सोलली. पायांचा आवाज आला, खुर्ची सरकली.

"हां," तो म्हणाला, "पाण्याचं बिल. इथेच होतो ना मी?"