हिऱ्यातील खोट कामास येते

हिरा पारखताना जवाहीर भिंगातून आधी खोट शोधतो. खोट सापडली, की हिऱ्याचे मोल उतरते. काही शास्त्रज्ञांना मात्र खोट असलेलाच हिरा हवा असतो. तो कशासाठी, ते पाहू.

चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस तुम्ही भुरभुरला असेल. किसाच्या रेषांवरून चुंबकीय क्षेत्र कसे पसरले आहे ते कळते. पण चुंबकच काही अणूंच्या जाडीचा असेल तर? किसाचा एकेक कण त्याच्यापुढे डोंगराएवढा ठरेल. अशा चुंबकासाठी मापकही अणूएवढाच हवा. तो आणायचा कोठून?

तो हिऱ्यातच मिळतो. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची रेखीव मांडणी. तीत कधी कधी एका कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू बसतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. या दोषात अडकलेले इलेक्ट्रॉन इवल्याशा चुंबकासारखे वागतात.

या दोषावर हिरवा लेसर प्रकाश टाकला, की तो तांबडा चमकतो. त्याच वेळी त्यावर सूक्ष्मतरंग सोडून त्यांची कंप्रता बदलत नेली, तर सेकंदाला सुमारे २८७ कोटी कंपनांपाशी चमक मंदावते. कारण त्या तरंगांमुळे इलेक्ट्रॉनांची चुंबकीय स्थिती बदलते आणि नव्या स्थितीत दोष कमी प्रकाश देतो.

जवळ चुंबकीय क्षेत्र असेल, तर चमक एकाऐवजी दोन कंप्रतांना मंदावते. क्षेत्र दोषाच्या अक्षाच्या दिशेत असल्यास दर गाऊसमागे या दोन कंप्रतांत सुमारे ५६ लाखांचा फरक पडतो. (पृथ्वीचे क्षेत्र साधारण अर्धा गाऊस असते.) समजा, फरक १ कोटी १२ लाख भरला, तर क्षेत्र किती? अर्थात २ गाऊस!

१९९७ साली जर्मनीतील केम्निट्झ येथे असा एकेक दोष वेगळा पाहण्यात यश आले. २००८ साली हार्वर्ड आणि श्टुटगार्ट येथील संशोधकांनी अशा एकेका दोषाच्या साह्याने चुंबकीय क्षेत्र मोजून दाखवले. पुढे हिऱ्याच्या बारीक टोकात दोष ठेवून ते टोक पदार्थावरून फिरवू लागले. टोक पृष्ठभागाच्या जितके जवळ, तितका बारीक तपशील कळतो. म्हणून दोघांतील अंतर शंभर नॅनोमीटरहून कमी ठेवतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!

या रीतीने २०१९ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी क्रोमियम ट्राय-आयोडाइडचे अतिशय पातळ तुकडे तपासले. त्यांना मौज आढळली. थरांची संख्या विषम असली, की तुकड्याचे चुंबकत्व जवळपास एका थराएवढेच भरे. सम असली, की ते नाहीसे होई. याचे कारण असे, की शेजारशेजारच्या थरांची चुंबकत्वे उलट दिशांना असतात. जोडीजोडीने ती एकमेकांना मारतात. थरांच्या रचनेत बदल झाला, तर ती एकाच दिशेलाही वळू शकतात, असेही दिसून आले. सम थरांच्या तुकड्यातील प्रत्येक थर चुंबकच असतो. तरी साध्या चुंबकसूचीला त्याचा पत्ताही लागला नसता.

मुंबईच्या आय. आय. टी.मध्येही हिऱ्यातील या दोषांवर संशोधन झाले आहे. जवाहिराने नाकारलेली खोट प्रयोगशाळेत अशी मोलाची ठरते.

आता तुम्हीच सांगा : शेजारचे थर उलट दिशांना असलेल्या सात थरांच्या तुकड्याचे चुंबकत्व किती थरांएवढे भरेल?