सात टनांचे छप्पर

१९९३ साली जगभर झालेल्या भूकंपांची तीव्रतेनुसार यादी केली, तर सगळ्यात वर प्रशांत महासागरातले ग्वाम बेट येते. ८ ऑगस्टचा तो धक्का ७.८ तीव्रतेचा होता. त्याच्या मागोमाग जपानच्या होक्काइडो बेटाजवळचे दोन भूकंप लागतात, १२ जुलैचा आणि १५ जानेवारीचा. दोन्ही साडेसातच्या वरचे. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या ३० सप्टेंबरच्या भूकंपाचे नाव या यादीत बरेच खाली आहे. तीव्रता ६.२.

मृतांच्या आकड्यानुसार यादी केली, की सगळा क्रम उलटा होतो. ग्वाममध्ये घरे आणि हॉटेले फुटली, सत्तरएक माणसे जखमी झाली, पण मेले कोणी नाही. होक्काइडोच्या जुलैमधल्या भूकंपात आणि त्यानंतरच्या त्सुनामीत २३० माणसे गेली किंवा कायमची बेपत्ता झाली. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसे गेली. त्या वर्षातला जगातला सर्वांत प्राणघातक भूकंप मराठवाड्यात झाला होता.

तीव्रतेच्या मोजपट्टीचा हिशेब साधा बेरजेचा नाही. एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबाने ग्वामच्या भूकंपात किल्लारीच्या जवळजवळ अडीचशे पट ऊर्जा होती. एवढी ताकद असलेल्या धक्क्याने जीव घेतला नाही आणि त्यापुढे किरकोळ ठरावा अशा धक्क्याने बावन्न गावे भुईसपाट केली. याचे थोडे उत्तर जमिनीत सापडते आणि बरेचसे डोक्यावरच्या छपरात.

जमिनीचे आधी पाहू. ग्वामचा भूकंप बेटालगतच्या समुद्रतळाखाली, पन्नास-साठ किलोमीटर खोल झाला. जानेवारीतला जपानी धक्का त्याहून खोल होता, सुमारे शंभर किलोमीटर. धक्का जितका खोल, तितकी त्याची धार जमिनीपर्यंत येताना कमी होते. किल्लारीचा धक्का जेमतेम दहा-बारा किलोमीटरच्या आतला आणि तोही नेमका दाट गावांच्या पट्ट्याखाली. म्हणून त्याचा मार थोड्याच परिसरावर बसला, पण तो भयंकर होता. किल्लारीच्या पश्चिमेला शेतात सुमारे किलोमीटरभर जमीन फाटून एक बाजू वर उचलली गेली. भूखंडाच्या आतल्या, शांत समजल्या जाणाऱ्या प्रदेशात भूकंपाची भेग अशी जमिनीवर उमटणे जगात फार क्वचित घडते, म्हणून ती पाहायला देशोदेशीचे अभ्यासक आले.

पण एवढ्याने हिशेब जुळत नाही, कारण त्याच महिन्यात, अवघ्या दहा दिवस आधी, जवळपास तेवढाच भूकंप अमेरिकेत झाला होता. २० सप्टेंबरच्या रात्री ओरेगॉन राज्यातल्या क्लॅमथ फॉल्स गावाजवळ दोन-अडीच तासांच्या अंतराने दोन धक्के बसले, दोन्ही सहाच्या आसपासचे. तेही उथळ होते. हजारावर इमारतींचे नुकसान झाले आणि गावातल्या जुन्या विटांच्या इमारतींना तडे गेले. मृत्यू झाले दोन. तिथे वस्ती विरळ होती हे खरे, पण राहती घरे बहुतेक लाकडी सांगाड्याची आणि हलक्या छपराची होती, हेही तितकेच खरे.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगावच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या आणि गणपती विसर्जित करून माणसे घरी येऊन झोपली. पावसाळ्याचे दिवस, म्हणून अंगणात किंवा माळवदावर कोण निजणार? सगळे घरात होते. ३० सप्टेंबर, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. नंतर पाऊस लागला आणि ढिगारे उपसणे आणखी अवघड झाले. चितांसाठी पडक्या घरांतलेच वासे वापरावे लागले.

या भूकंपाला किल्लारीचे नाव चिकटले आणि किल्लारी लातूरच्या औसा तालुक्यातली, म्हणून बाहेरच्या लोकांच्या लेखी तो लातूरचा भूकंप ठरला. पण तेरणा नदीच्या अलीकडे-पलीकडे भेद नव्हता. धाराशिव जिल्ह्यात उमरगा तालुक्याने फार मोठा घाव सोसला. आजचा लोहारा तालुका तेव्हा त्यातच होता. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही नावे त्या भागात आजही तारखेसकट घेतली जातात. सरकारी नोकरीच्या अर्जात ‘भूकंपग्रस्त’ असा रकाना असतो. राज्यातल्या इतर उमेदवारांची नजर त्यावरून सहज पुढे सरकते. इथल्या घरांतून त्याच्यासाठीचे प्रमाणपत्र जपून ठेवलेले असते.

आता छपराकडे येऊ.

मराठवाड्याच्या या भागातले जुने घर म्हणजे काळ्या दगडाची भिंत आणि वर माळवद. भिंतीची जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत. बाहेरून पाहिले तर घडीव दगडांच्या रांगा नीट बसलेल्या, किल्ल्यासारख्या भक्कम. पण ती एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरच्या बाजूला एक दगडी थर, आतल्या बाजूला दुसरा आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे आणि मातीचा भराव. दोन्ही थर एकमेकांना धरून ठेवील असा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. सांध्यात चुना किंवा सिमेंट नाही, माती. असा थर वरून येणारा भार वर्षानुवर्षे निमूट पेलतो. आडवा हिसका बसला की मधला भराव खाली बसतो, दोन्ही थर फुगतात आणि एक आत कोसळतो, एक बाहेर.

माळवदाची रचना अशी: लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा माळवदाखाली गारवा असतो. वर धान्य वाळवता येते, माणसे निजू शकतात, लग्नकार्यात पंगतही उठते. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून वर नवी माती चोपायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. जुनी माती काढायची रीत मात्र नाही. त्यामुळे थर चढत जातो. तो दीड-दोन फुटांवर गेला, की एका चौरस मीटरवर पाऊण टनाहून जास्त माती बसते. दहा बाय दहाच्या खोलीवर सात टन. त्या पहाटे लोक या सात टनांखाली झोपले होते.

पडझड तपासणाऱ्यांना त्या ढिगाऱ्यांतच एक फरक दिसला. ज्या घरांत छपराचा भार भिंतींवर न टाकता लाकडी खांब-तुळयांनी पेलला होता, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसे वाचली. जिथे तुळयांची टोके थेट भिंतीत रोवलेली होती, तिथे भिंतीबरोबर छप्पर आले. पत्र्याची घरे आणि गवताने शाकारलेल्या झोपड्या पुष्कळ टिकल्या. जाड भिंतींचे मोठे वाडे ही गावात प्रतिष्ठेची गोष्ट, आणि तेच सर्वांत घातक ठरले.

हे सगळे आधी का सुचले नाही? कारण नकाशा. त्या वेळच्या भारतीय भूकंप-नकाशात देशाचे पाच विभाग होते आणि हा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने दख्खनचे पठार हलू शकते हे दाखवून दिले होते. पण कोयनेचे खापर धरणाच्या जलाशयावर फुटले आणि उरलेले पठार ‘स्थिर’ म्हणूनच शिकवले गेले. किल्लारीनंतर निम्न तेरणा प्रकल्पाच्या माकणी येथील जलाशयाबद्दलही तसाच संशय घेतला गेला. त्यावर शास्त्रज्ञांत एकमत झालेले नाही. मूळ कारणाबद्दल मात्र फारसा वाद नाही. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत हिमालयाखाली रेटला जातो, आणि त्या रेट्याचा ताण इथल्या जुन्या, दडलेल्या भेगांवरही येतो.

त्या दडलेल्या आहेत हेच संकट. मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा, म्हणजे लाव्ह्याच्या खडकाचा, जाड थर पसरलेला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत खोल विंधण घेतले तेव्हा हा थर ३३८ मीटरचा निघाला. त्याखाली कोट्यवधी वर्षे जुना मूळ खडक. भेग असते त्या खडकात, आणि वर लाव्ह्याची चादर. वरून पाहणाऱ्याला काही पत्ता लागत नाही.

तरी जमिनीने थोडी कुणकुण दिली होती. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारी परिसरात लहान लहान धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते आणि काही घरांना तडेही गेले होते. लोकांनी तक्रारी केल्या, पथके येऊन गेली, मग धक्के थांबले. तेव्हा ते थांबणे दिलाशाचे वाटले. यंत्रणेला किंवा शास्त्रालाही त्या धक्क्यांवरून पुढचा मोठा धक्का ओळखता आला नसता. तो आजही जगात कोणाला नेमका ओळखता येत नाही.

आणखी एक खूण धाराशिव जिल्ह्यातच, तेरमध्ये, सापडली. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे नगर आणि संत गोरोबाकाकांचे गाव. इथे तेरणेच्या काठावरच्या गाळाच्या थरांत सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना थर तुटून सरकल्याच्या खुणा दिसल्या. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी इथे भूकंप झाला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो धरला तर हा प्रदेश ‘कधीच न हलणारा’ नव्हता. त्याच्या दोन हालचालींतले अंतर माणसाच्या आठवणीपेक्षा मोठे होते, इतकेच.

जपानमधल्या ओकुशिरी बेटाची गोष्ट इथे ताडून पाहण्यासारखी आहे. १२ जुलै १९९३ च्या रात्री धक्का बसल्यावर काही मिनिटांतच त्सुनामीची लाट किनाऱ्यावर आली. काही जागी पाणी तीस मीटर उंचीपर्यंत चढले. सरकारी इशारा पाच मिनिटांत निघाला, पण लाट त्याच्याही आधी पोचली होती. तरी पुष्कळ माणसे वाचली, कारण दहाच वर्षांपूर्वी, १९८३ मध्ये, त्याच समुद्रात असा भूकंप झाला होता. जमीन हलताच त्यांनी इशाऱ्याची वाट न पाहता टेकडी गाठली. उमरग्याच्या शेतकऱ्याकडे अशी आठवण असण्याची शक्यताच नव्हती.

भूकंपानंतरचे पुनर्वसन तोवरच्या महाराष्ट्रातले सर्वांत मोठे होते. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे माप जमिनीच्या मालकीवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४५०, मोठ्या खातेदाराला ७५०. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या आणि सिमेंट, सळई, हप्ता यांचा हिशेब विचारू लागल्या.

नव्या गावांबद्दल कुरकुरही झाली आणि ती रास्त होती. शहरी कॉलनीसारखे सरळ रस्ते आणि सुटी घरे आखल्याने गाव दूरवर पसरले. जुनी आळी आणि जुना शेजार मोडला, बैल बांधायला आणि कडबा रचायला जागा उरली नाही. बघता बघता घरांना पत्र्याचे आडोसे आणि वाढीव खोल्या जोडल्या गेल्या.

कमी बोलले गेलेले काम दुरुस्तीचे होते. जी घरे तडकली पण पडली नाहीत, अशी लाखाहून अधिक घरे अनेक जिल्ह्यांत दुरुस्त करून मजबूत केली गेली. माळवदावरची जादा माती उतरवणे, भिंतीच्या दोन थरांना आरपार जोडणारे टाके घालणे, दारांच्या वरच्या पातळीवर घरभर फिरणारा सळईचा पट्टा देणे, अशी ती साधी कामे.

२००२ मध्ये नकाशा बदलला. पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. पण दगडमातीची जुनी घरे त्याबरोबर बदलत नाहीत आणि जमीनही अधूनमधून हलते. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली भागात साडेचारच्या आसपासचे धक्के बसले आणि शेजारच्या जिल्ह्यांत लोक घराबाहेर धावले.

उमरगा-लोहाऱ्याकडे आज घर बांधणारा माणूस विटा आणि स्लॅबचे बांधतो. त्याने गवंड्याला विचारायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. जोत्याच्या पातळीला, दारांच्या डोक्यावर आणि छताखाली असे सलग पट्टे आहेत का? चारी कोपऱ्यांत उभी सळई पायापासून वरपर्यंत जाते का? दार-खिडकी कोपऱ्याला खेटून तर काढलेली नाही? दगडी भिंत असेल तर आरपार जाणारे दगड किती अंतरावर आहेत? एकूण बांधकामात या सगळ्याचा खर्च थोडा असतो. हेच काम स्लॅब टाकून झाल्यावर करायचे म्हटले, तर भिंती फोडून करावे लागते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.