वेग, पेट्रोल आणि इस्राफ

सुट्या लागल्या की निकाह, वलीमे आणि नातलगांच्या भेटी सुरू होतात. समृद्धी महामार्गामुळे नागपूर-मुंबईचा ७०१ किलोमीटरचा सफर आता सोपा झाला आहे. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. पण मुभा आहे म्हणून तेवढ्याच वेगाने जावे का? जरा हिशोब करून पाहू.

धावत्या गाडीला दोन गोष्टी अडवतात : टायरचे रस्त्याशी होणारे घर्षण आणि समोरची हवा. घर्षण वेगानुसार फारसे बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलो, तर तो दीडपटीहून अधिक होतो. १२० ने गेलो, तर सव्वादोनपट. पेट्रोल सव्वादोनपट लागत नाही, कारण हवा हा खर्चाचा एक भाग आहे. पण महामार्गावर तोच भाग मोठा असतो, म्हणून ॲव्हरेज झपाट्याने उतरते.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, तेव्हा अमेरिकेने तेल वाचवण्यासाठी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, मर्यादा घातली होती. तिच्यामागे हाच हिशोब होता.

आता फायदा पाहा. २०० किलोमीटरला १२० च्या वेगाने १ तास ४० मिनिटे लागतात, १०० च्या वेगाने २ तास. वाचली २० मिनिटे. तेवढी तर चहाच्या थांब्यात जातात. शिवाय ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतरही वेगाच्या वर्गानेच वाढते. मागच्या सीटवर दादी आणि लहान मुले बसलेली असताना हे विसरून कसे चालेल?

वजू करताना पाणी सांडू नये, हे आपण मुलांना शिकवतो. इस्राफ पेट्रोलचाही होतो. टपावरचे रिकामे कॅरिअर काढून ठेवा. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, हवा तपासा. वेग एकसारखा ठेवा आणि डावी लेन धरा.

पुढच्या सफरीत टाकी फुल करून जाताना १०० आणि येताना ८०-९० चा वेग ठेवून पाहा. दोन्ही वेळा किती लिटर लागले, याचा हिशोब मुलांकडे सोपवा. गणितही होईल आणि सबकही मिळेल.