कॅन्सरमधून बरे झालेल्यांनी संस्था काढावी ती कशासाठी?

आजाऱ्याची इयादत करणे हा आपल्यावर एकमेकांचा हक्क आहे. आपण जातो, फळे देतो, दुआ करतो आणि परत येतो. पण घरात कॅन्सर आला की कुजबुज सुरू होते. "कुणाला सांगू नका, पोरीचं लग्न व्हायचंय." छातीत गाठ लागूनही आपल्या कितीतरी आया-बहिणी महिनोन्‌महिने गप्प राहतात. तोवर आजार पुढे गेलेला असतो.

ही गप्प बसण्याची सवय सर्वांत चांगली तोडतो तो कॅन्सरमधून उठलेला माणूस. केस गेले होते, पुन्हा आले, हे तो स्वतः दाखवू शकतो. मुंबईत वंदना गुप्ता यांनी या आजारातून बऱ्या झाल्यावर १९९४ मध्ये 'व्ही केअर फाउंडेशन' सुरू केले. क्रिकेटपटू युवराज सिंगने २०१२ मध्ये अमेरिकेत केमोथेरपी घेतली आणि पुढे 'यूवीकॅन'मधून जनजागृती व तपासणीचे काम हाती घेतले. दोघांनीही हॉस्पिटल बांधले नाही. हॉस्पिटलच्या बाहेर जी पोकळी असते, ती भरायला घेतली.

ही पोकळी कोणती? उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण रेडिएशन बहुतेक वेळा आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे चालते. केमोसाठी दर दोन-तीन आठवड्यांनी यावे लागते. रत्नागिरी किंवा बीडहून परळच्या टाटा हॉस्पिटलला आलेल्या कुटुंबाने तेवढे दिवस राहायचे कुठे? गाडीभाडे, जेवण, बुडालेली रोजी यांचे काय? इथेच पैसा संपतो आणि उपचार अर्धवट सुटतात. अर्धवट सोडलेल्या उपचाराने आजार परत उलटू शकतो.

म्हणून संस्था काढायची तर काम छोटे आणि नेमके ठेवावे. आपल्या तालुक्यातून मुंबई-पुण्याला जाणाऱ्या पेशंटसोबत एक माणूस द्यावा. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्टची फाईल नीट लावून द्यावी. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, त्याच्यापर्यंत पोहोचवावे. राहण्याची एखादी खोली मिळवावी. बायकांशी बोलायला बरी झालेली बाईच असावी. औषधाचा सल्ला मात्र आपण द्यायचा नाही, ते डॉक्टरांचे काम. "केमो सोडा, हा काढा घ्या" म्हणणाऱ्याला संस्थेच्या दारात उभे करू नये.

कागदाचे काम अवघड नाही, पण टाळू नये. सोसायटी म्हणून नोंदणीसाठी १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात. सार्वजनिक ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. मग संस्थेच्या नावाने पॅन, बँक खाते आणि दरवर्षी ऑडिट. देणग्यांसाठी आयकर खात्याची मान्यता मिळाली तर देणगीदाराला करात सवलत मिळू शकते. पैसा कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर घेऊ नये. उद्या एकानेही बोट दाखवले तर सगळ्या कामाचा भरवसा जातो.

आता जकातीचा प्रश्न. कुरआन शरीफच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत गरीब, मिस्कीन आणि कर्जबाजारी येतात. उपचारापायी कंगाल झालेला पेशंट यात बसू शकतो. पण संस्थेचे भाडे, पगार, बॅनर यांवर जकात खर्च करणे ही वेगळी बाब आहे. त्यासाठी सदका आणि देणगीचा पैसा वापरावा. जकातीचे खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे आणि हकदार ठरवण्याची पद्धत आपल्या भागातल्या मुफ्ती साहेबांना विचारून लिहून काढावी.

मदत घेणाऱ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नये. त्याची अब्रू हीसुद्धा आपल्याकडे अमानत आहे.

नोंदणी व्हायला वेळ लागेल. तोवर एक गोष्ट लगेच करता येते. आपल्या मोहल्ल्यात कॅन्सरमधून बरे झालेले दोन-तीन जण असतील, त्यांना एकत्र बसवा. पुढच्या आठवड्यात ज्या घरी रिपोर्ट येईल, तिथे फळांच्या पिशवीसोबत त्यांच्यातले कुणीतरी गेले पाहिजे. खरी इयादत तिथून सुरू होईल, इन्शाअल्लाह.