पत्ता पालथा ठेवा

‘हे किती दिवसांत होईल?’ सॉफ्टवेअरच्या टीममध्ये या प्रश्नाला बहुधा सर्वांत ज्येष्ठ माणूस उत्तर देतो आणि बाकीचे माना डोलावतात. एकदा कानावर पडलेला आकडा डोक्यातून हलत नाही. त्यावर तोडगा म्हणून जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये ‘प्लॅनिंग पोकर’ मांडला. काम समजून घ्यायचं, आपल्या अंदाजाचा पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा.

आज पत्त्यांवर सहसा १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे असतात. सहा-सात गाळलेले, कारण काम मोठं तितका अंदाज धूसर. लांबच्या डोंगराला फूटपट्टी लावून काय उपयोग?

खरी मजा आकड्यांत मोठी तफावत पडते तेव्हा. समजा, ‘पासवर्ड विसरलात?’ ही सोय करायची आहे. प्रोग्रामरचा पत्ता ३, टेस्टरचा १३. आता टेस्टरला बोलतं करा. लिंक दोनदा दाबली तर? मुदत संपल्यावर उघडली तर? दिलेला ईमेल नोंदलेलाच नसेल तर? प्रोग्रामरने फक्त कोड लिहिण्याचा वेळ धरलेला असतो. अशा वेळी सरासरी काढून ८ लिहून मोकळं होणं म्हणजे (माझ्या मते) शुद्ध आळस. बोलायचं, पुन्हा पत्ते टाकायचे.

शिवाय नवं काही जोडलं की जुनंही पुन्हा तपासावं लागतं. दर नव्या सोयीगणिक हा तपासण्यांचा ढीग वाढतो. म्हणून त्या चाचण्या यंत्राकडून करवून घेण्याचं कामही याच आकड्यात धरायचं.