डिपर, कट आणि तीन सेकंद

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रकला ओव्हरटेक करताना आरशात डिपर चमकतो. मागची गाडी इतकी खेटलेली, की तिची नंबर प्लेटही दिसत नाही. स्टीअरिंगवरची बोटं आवळतात, जबडा घट्ट होतो. मेंदूतल्या अमिग्डलाने धोक्याची घंटा वाजवलेली असते, अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरलेलं असतं. शरीर लढायला किंवा पळायला तयार. पण सीटबेल्ट बांधून बसलेल्या माणसाला दोन्ही जमत नाही. मग सगळा राग पायात उतरतो. ॲक्सिलरेटरवर, नाहीतर मागच्याला धडा शिकवायला ब्रेकवर.

आणि हा राग येतो तो बऱ्याचदा आपणच रचलेल्या गोष्टीमुळे. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, त्याची परिस्थिती विसरतो. या खोडीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली ‘फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर’ असं नाव दिलं. त्याने कट मारला तर तो माजलेला; मी मारला तर माझा फाटा चुकत होता! मंडईत कुणाचा धक्का लागला, तर त्याचा ओशाळलेला चेहरा दिसतो आणि विषय तिथेच मिटतो. गाडीच्या काचेआड चेहरा दिसत नाही, आणि हॉर्नला माफी मागता येत नाही.

खेटून चालवणाऱ्याचं गणित तर साफ चुकलेलं असतं. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. पुढचे ब्रेक लाइट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ४० मीटर संपले, आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही. मागे दहा मीटरवर चिकटलेल्याचं कौशल्य इथे कामाचं नाही.

म्हणून ट्रक मागे पडला, की डावीकडे यावं आणि खेटणाऱ्याला जाऊ द्यावं. हरल्यासारखं वाटतं, मलाही वाटतं. पण दोनचार लांब श्वासांत धडधड उतरू लागते. मग पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला, की सावकाश तीन सेकंद मोजावेत: एकवीस, बावीस, तेवीस. त्याआधी आपण खांबापाशी पोचलो, तर पाय सैल सोडायचा.

‘एवढी जागा ठेवली तर कुणीही घुसेल,’ असं लोक म्हणतात. घुसतातच. पण प्रत्येक घुसणाऱ्यामागे पुन्हा अंतर धरायला दोनतीन सेकंदच जातात. लोणावळ्यापर्यंत दहा जण घुसले, तरी अर्धा मिनिट उशीर.