एचआयव्हीचा आकडा निम्म्याने का उतरला?

२००५ साली भारतात ५२ लाख लोक एचआयव्हीबाधित आहेत, असा सरकारी अंदाज होता. जुलै २००७ मध्ये तो सुमारे २५ लाखांवर आणला गेला. एवढी माणसे बरी झाली नव्हती. मोजणीतली चूक दुरुस्त झाली होती.

आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या रक्ततपासणीवरून काढला जाई. पण सरकारी दवाखान्यात जास्त कोण जाते? गोरगरीब माणसे, आणि खासगी डॉक्टरांनी तिकडे पाठवलेले रुग्ण. तिथले प्रमाण साऱ्या जनतेला लावले की आकडा फुगतो. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात संशोधकांनी वस्त्यावस्त्यांतून लोकांचे रक्त तपासले, तेव्हा जुन्या पद्धतीचा अंदाज सुमारे अडीचपट जास्त निघाला. पुढे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि देशाचा आकडा सुधारला.

म्हणून कुठलाही आकडा वाचला की विचारा : कोणाला मोजले? कुठे मोजले? आणि आकडा उतरला म्हणून गाफील राहू नका. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी आणि एआरटीची औषधे मोफत मिळतात. शंका असेल तर लाजू नका, तपासून घ्या.